दोरा कात्रीने

वरचे सहा दात. एकेका दातावर
नखाएवढं, नखाहून पातळ चिनीमातीचं पान.
म्हापशाच्या बाजारामागे, जिना चढून दुसऱ्या मजल्यावर
डॉक्टर इर्मेलिंडा आरसा हातात देते
आणि लगेच काढूनही घेते.
"आधी ऐक, मग बघ."

ऐकलं.
दहा वर्षं, नीट राखलीस तर पंधरा.
ब्रश मऊ. खरखरीत दंतमंजन आजपासून बंद.
हिरडीपाशी, जिथे पान संपतं आणि तू सुरू होतेस,
तिथे रोज रात्री दोरा फिरवायचा.
कंकण हाताने मोडून चहात बुडवायचं,
आंबाड्याची बी चोखायची, चावायची नाही,
कुर्लीचा डेंगा बत्त्याखाली.
झोपेत दात खातेस ना? हा साचा घालून झोप.
"आणि दोरा दातांत फिरव, पण दाताने तोडू नकोस.
टाचण्या कुठे धरतेस?"

मी गप्प.
एकतीस वर्षं मी टाचण्या कुठे धरते
हे अर्ध्या म्हापशाला ठाऊक आहे.

नवरा म्हणाला, नव्या मशीनचे पैसे
तोंडात घातलेस.

खालचे तसेच राहिले, करड्या पट्ट्यांचे,
चिऱ्याच्या खाणीतल्या कापीव भिंतीसारखे.
मी तीन वर्षांची, ताप उतरेना,
दवाखान्यातून पिवळं औषध आलं, बाटलीभर, मग आणखी बाटलीभर.
ताप गेला. दात यायचे होते अजून,
ते आले तेव्हा औषध आठवणीत ठेवून आले.

तेव्हापासून हसू फुटलं की डावा हात वर.
लग्नाच्या फोटोत हात,
बारशाच्या फोटोत हात,
पणजीला बोटीवर काढलेल्या फोटोत हात आणि मागे थोडीशी मांडवी.
गिऱ्हाइकं म्हणत, कुमुदबाय मर्यादशील.

चौथ्या महिन्यात हळदोण्याच्या लोरेटाचा गाऊन.
अकरा वार घोळ, सगळा हाताने टिपायचा,
टिकल्या, मोती, काचेचे मणी,
आणि लग्न परवावर.
कात्री गळ्यात होती. फितीला बांधलेली,
शाळेतल्या पोराच्या ओळखपत्रासारखी.
रात्रीचा दीड. शेवटची गाठ.
मान खाली गेली, तोंड आपणहून दोऱ्याला भिडलं.
टक्.

फार नाही. कोपरा.
जिभेने तीनदा मोजला, तीनही वेळा कमी भरला.
मग टॉर्च घेऊन गाऊन पालथा घातला.
पांढऱ्यावर पांढरं, त्यावर पुन्हा पांढरं.
यातली टिकली कुठली, दात कुठला?
पहाट झाली, पोदेराचा भोंगा वाजला,
इस्त्री करून पेटीत भरला तसाच.

इर्मेलिंडा रागावली नाही.
कड घासून गुळगुळीत केली, दिवा बाजूला सारला,
म्हणाली, चिनीमाती फुटली गं,
सवयीला साधं खरचटलंही नाही.

इगर्जीत मी मागच्या बाकावर.
लोरेटा निघाली, बापाच्या हातावर हात ठेवून, सावकाश,
आणि घोळ तिच्यामागून फरशी पुसत गेला.
त्यात कुठेतरी मी, तांदळाच्या कणीएवढी,
चालले होते वेदीकडे.
नवरीची आई वळून कानाशी कुजबुजली,
"चकाकतंय किती! काय लावलंस गं त्याला?"

हसू आलं. खरं, पोटातून.
डावा हात उठला,
छातीपर्यंत आला, तिथे गळ्यातली कात्री लागली
(काढायची राहिली होती, रेशमी साडीवर)
आणि तिच्यावरच टेकून राहिला.
बाईने बघितलं माझ्या तोंडात. बघू दे.

पुढची तपासणी सहा महिन्यांनी.
शुक्रवार नको म्हणून सांगितलंय,
बाजार असतो, जिन्यावर टोपल्या.